कानाचं मशीन इश्यू केलं, त्याची हकीकत

अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "फौजेतल्या माणसाचे अनुभव हवेत. थरारक असले तर उत्तम." मी बरं म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातून मालतीचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा, आवाज आला. "त्यांना सांगितलंत का, तुम्ही तिथे मोजे मोजत होता ते?"

सांगितलं नव्हतं. आता सांगतो. फौजेत मी सतरा वर्षं काढली आणि ती सगळी स्टोअरमध्ये. ब्लँकेट, बूट, मोजे, चहाचे मग, मच्छरदाण्या. गोळी झाडली ती सरावाच्या मैदानावर, आणि ती कुठे लागली हे मला कधी कुणी सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. हवालदार म्हणून बाहेर पडलो, शहापूरला घर बांधलं, आणि गेली काही वर्षं ठाण्याच्या एका संस्थेचं काम करतो. संस्था माजी सैनिकांना मदत करते. शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके माझ्याकडे. माझा हुद्दा 'समन्वयक' असा आहे. घरात त्याचा अर्थ 'स्कूटरवरून हिंडणारा' असा लावतात.

काम सांगायला सोपं आहे. देणारे ठाण्या-मुंबईत असतात, घेणारे किन्हवली, सरळगाव, टोकावड्याच्या आत कुठल्यातरी पाड्यावर. मी मधला माणूस. देणाऱ्याला जे द्यायचंय आणि घेणाऱ्याला जे हवंय, त्यांची गाठ घालून द्यायची. अडचण एवढीच की या दोन गोष्टी सहसा एकमेकींना ओळखत नाहीत.

शालींचंच घ्या. खर्डीला आमचे एक सुभेदार आहेत. राष्ट्रीय सण आला की कुणी ना कुणी त्यांना व्यासपीठावर बसवतं आणि खांद्यावर शाल टाकतं. एका थंडीत त्यांच्या परसात गेलो तर मिरचीच्या रोपांवर शाली पांघरलेल्या, एका रांगेत, कडा सरळ. मी बघत राहिलो तसे सुभेदार म्हणाले, "रोपांचा सत्कार चाललाय. भाषण तेवढं तुमी करा."

दुसऱ्या एका आजोबांना एका दात्यानं चाकांची खुर्ची पाठवली. रस्त्यापासून आजोबांच्या घरापर्यंत शेताचे बांध आहेत. चौघांनी ती खुर्ची डोक्यावरून नेली. ती आता ओटीवर असते आणि आजोबा तिच्यात बसून दाढी करून घेतात. अहवालात मी 'खुर्चीचा नियमित वापर होतो' असं लिहिलं. खोटं नव्हतं.

पण खरी अडचण वेगळीच. फौजी मागत नाही. बाहेरच्यांना हे समजावं म्हणून सांगतो. पलटणीत अधूनमधून दरबार भरतो. सगळे जवान समोर बसतात आणि मोठा साहेब विचारतो, "कोई तकलीफ?" कुणाच्या घरी म्हैस मेलेली असते, कुणाची दाढ ठणकत असते, कुणाच्या बायकोचं पत्र महिनाभर आलेलं नसतं. तरी सगळे एका आवाजात म्हणतात, "नहीं साब!" ही सवय माणूस घरी घेऊन येतो. मी पहिल्या वर्षी घरोघर फॉर्म भरून घेतले, तेव्हा अडचणींच्या रकान्यात सगळीकडे एकच उत्तर: सब ठीक. ठाण्याच्या ऑफिसातल्या ताईंनी तो गठ्ठा चाळला आणि चष्मा काढून म्हणाल्या, "तुमच्या तालुक्यांत इतकं सुख असेल तर तुम्हाला नेमलंय कशाला आम्ही?"

अशात मला विशेकाका भेटले.

नाईक बारकू विशे, तोफखान्यातले. टोकावड्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की त्यांचा पाडा. वय पंचाहत्तरच्या पुढे, पाठ अजून ताठ. आयुष्यातली उमेदीची वर्षं तोफेशेजारी उभं राहून काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालं होतं. कानात बोळे का नाही घातले, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बोळे घातले तर हुकूम कसा ऐकू येनार?"

त्यांचा मुलगा भिवंडीला गोदामात कामाला. त्याचाच फोन आला होता. "आई न्हाणीत पडली साहेब. बाबा ओटीवर बसून बांबूच्या कामट्या तासत होते. दहा पावलांवर. ती हाका मारत राहिली. शेजारीण कशाला तरी आली म्हणून समजलं, तोवर अर्धा तास तशीच. हाड मोडलं नाय, नशीब. पण परत पडली तर?"

मी गेलो. काका मला पाहून उठले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. मी त्यांच्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान, पण मी हवालदार आणि ते नाईक, एक पायरी खाली. फौजेत केस पांढरे झाले म्हणून हुद्दा वाढत नाही. खरं तर हवालदाराला सॅल्यूट नसतोच, त्यामुळे मला ओशाळल्यासारखं झालं, पण आतून जरा बरंही वाटलं. घरी असं कुणी उठत नाही.

मी ओरडून कानाच्या मशीनचं सांगितलं.

"मला येतं ऐकू," काका म्हणाले. "लोकच हल्ली हलकं बोलाया लागलेत."

"काका, काकी पडल्या तेव्हा..."

"हाक मारली असती तर आलो नसतो काय? आता काठी दिलीय तिला. नाय पडायची. आनि साब, दानाचं नको. कुना गरिबाला द्या."

यमुनाकाकी काठी धरून दाराशी उभ्या होत्या. बुटक्या, बारीक, डोक्यावर पदर. घरात बोलून उपयोग नसतो याची सवय झालेल्या माणसासारख्या उभ्या होत्या. मी त्यांना नमस्कार केला. तेवढाच केला.

दोन फेऱ्या फुकट गेल्या. तिसऱ्या फेरीला माझ्यातला स्टोअरवाला जागा झाला. फौजी दान घेत नाही, पण इश्यू घेतो! बूट इश्यू होतात, ब्लँकेट इश्यू होतं, त्यात मिंधेपण कसलं? आधी 'मेडिकल आहे' असं सांगून मी काकांना कल्याणला नेलं. मेडिकलला फौजी नाही म्हणत नाही. कान तपासून झाले, साचा घेतला. मशीन तयार होऊन आल्यावर मी जुन्या पद्धतीचं रजिस्टर काढलं, मध्ये कार्बन घातला आणि लिहिलं: मशीन, कानाचं, एक नग, इश्यू. मग आवाज चढवून म्हणालो, "नाईक विशे! सही करो."

काकांनी सही केली. "वापस कब करना है साब?"

"जब माँगेंगे तब."

"इन्स्पेक्शन?"

"हर महीने."

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी स्वतःवर खूष झालो. मशीन कानात बसवलं तसे ते एकदम वर बघायला लागले. छपराच्या पत्र्यावर कावळा चालत होता.

त्यानंतर आठ महिने मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, आदल्या दिवशी मुलाकरवी वर्दी देऊन, टोकावड्याला जात राहिलो. काका दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, कानात मशीन लावून ओटीवर तयार. मी अंगणातूनच कुजबुजल्यासारखं म्हणायचो, "चहा मिळेल का?" आणि काका म्हणायचे, "मिळंल ना साब, बसा." फोटो व्हायचा, चहा व्हायचा, मी परत. मशीनला डाळीच्या दाण्याएवढा सेल लागतो आणि रोज वापरलं तर तो आठ-दहा दिवसांत संपतो. सुरुवातीला दिलेलं सेलचं पाकीट काकांना आठ महिने पुरलं. मी अहवालात लिहिलं, 'लाभार्थी अत्यंत काटकसरी.'

ठाण्याच्या ऑफिसनं मला इतर तालुक्यांच्या माणसांसमोर बोलायला बोलावलं. 'इश्यू पद्धत' या विषयावर मी अर्धा तास बोललो. मालती अजून सांगते, तिथून आल्यावर चार दिवस मी तिला पाण्याचा तांब्यासुद्धा इश्यू केल्यासारखा देत होतो.

मग तो गुरुवार आला. टोकावड्याला दुसऱ्याच कुणाच्या कागदांसाठी गेलो होतो. काम लवकर आटपलं, काकांच्या पाड्याचं वळण दिसलं, म्हटलं चहा घेऊन जाऊ. काका ओटीवर माझ्याकडे पाठ करून टोपली विणत होते. मी हाक मारली. परत मारली. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं. काही नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तसे दचकून वळले. मला पाहिलं, आणि त्यांचा हात सॅल्यूटच्या आधी कानाकडे गेला. चेहरा पार उतरला. टोपली टाकून ते जमेल तेवढ्या लगबगीनं आत गेले.

काकी अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली. "आज सोमवार नाय ना?"

"नाही, गुरुवार."

"मंग चुकलात."

काका बाहेर आले ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. त्यात मऊ फडकं, फडक्यात मशीनची मूळ डबी, डबीत मशीन. शेजारी सेलचं पाकीट, एक-दोन दाणे कमी झालेले. मशीनवर एक ओरखडा नाही. कंपनीची कागदी चिठ्ठीसुद्धा घडी न मोडलेली.

"सब सही है साब," ते धापा टाकत म्हणाले. "चेक करो."

मी बोटानं कानाकडे खूण केली. रोज घालत नाही?

"रोज?" त्यांना माझ्या बोलण्याचं नवल वाटलं. "खराब होईल ना साब! इश्यूचा माल हाये. इन्स्पेक्शनला काय दाखवू?"

इथे बाहेरच्या वाचकाला एक सांगायला हवं. बराकीत प्रत्येक जवान बऱ्याच वस्तू दोन ठेवतो. एक वापरायची आणि एक दाखवायची. दाखवायचा मग, दाखवायचा ब्रश, दाखवायचे मोजे पेटीत पडून असतात आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी पलंगावर रांगेत मांडले जातात. हे सगळ्यांना माहीत असतं, इन्स्पेक्शन घेणाऱ्यालाही. माझ्या पलंगाखालच्या पेटीत एक मग होता, त्यात सतरा वर्षांत कुणी चहा प्यालं नाही. आणि ज्या मालाचा खप नाही तो माल वापरात नाही, हे मी स्टोअरमध्ये आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवायचो. आठ महिने सेल संपत नव्हते आणि मी 'काटकसरी' लिहीत होतो! काकांची काही चूक नव्हती. त्यांना एकच नग मिळाला होता. तो त्यांनी दाखवायचा म्हणून ठेवला.

काका मशीन कानात बसवायला परत आत गेले, कारण त्यांच्या मते इन्स्पेक्शन अजून चालू होतं. काकींनी सूप खाली ठेवलं.

"तुमी येता ना, तो दिस मला बरा जातो," त्या म्हणाल्या. आठ महिन्यांत त्यांचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. "सकाळधरनं लावून बसतात, तुमची वाट बघत. तवा मी बोलून घेते. महिन्याचं साठलेलं. कोन गेलं, कुनाची गाय व्याली, पोरगा फोनवर काय बोलला. तुमची गाडी वळली का परत डब्यात."

"मग मला का नाही सांगितलंत काकी?"

"तुमी मला कवा इचारलंत?"

काही तरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पुन्हा पडला नाहीत ना?"

"मागल्या महिन्यात गोठ्याशी पाय सटकला. खांब हातात आला म्हून."

"हाक मारलीत?"

"कशाला मारू? सोमवार थोडाच होता."

त्या हसल्या. खरंच हसल्या. मी स्कूटरला किक मारली ती पाच-सहा वेळा, कारण चावी लावायची राहिली होती.

घरी येऊन मालतीला सांगितलं. ती टिंगल करेल आणि मग मला बरं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तिनं टिंगल केली नाही. म्हणाली, "तुमचा तो फॉर्म दाखवा बघू." फॉर्मवर सैनिकाचं नाव, हुद्दा, पलटण, नोकरीची वर्षं, मानचिन्हं असं सगळं असतं. खाली एक चौकट: 'कुटुंबातील इतर व्यक्ती, संख्या.' विशेकाकांच्या फॉर्मवर तिथे माझ्याच अक्षरात '१' लिहिलं होतं.

"म्हणजे काकी ही," मालती म्हणाली आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं.

मी फॉर्म उलटा करून ठेवला.

"तुम्ही तिकडे होता तेव्हा मलाही कुणी असंच लिहून घेतलं असेल," ती म्हणाली. मग पोळ्या लाटायला उठली आणि तिथूनच म्हणाली, "घरातलं स्टोअर कुणाकडे असतं? त्यांच्या नावावर द्या की ते मशीन."

सतरा वर्षांच्या अनुभवाला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्दी न देता गेलो. काकांनी डबा आणला. मी हात पुढे केला आणि ओरडून म्हणालो, "नाईक विशे, मशीन जमा करो."

हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. काकांनी डबा दिला, टाचा जुळवल्या आणि समोर बघत म्हणाले, "कुछ गलती हुई साब?" त्यांना वाटलं, माल नीट सांभाळला नाही म्हणून काढून घेतोय. त्यांच्याइतकं सांभाळून कुणी कधी काही ठेवलं नसेल. ही सगळी ऐट टाकून त्यांचे पाय धरावेत असं वाटलं. पण अर्धा हुकूम दिलेला माणसाला जास्त त्रास देतो, हे मला ठाऊक होतं. घाईघाईनं रजिस्टर उघडलं, मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पान त्यांच्यासमोर धरलं: इश्यू, श्रीमती यमुना बारकू विशे.

"काकी, इकडे या. सही करा."

काकींनी पदराला हात पुसले. रजिस्टर मांडीवर घेऊन एकेक अक्षर लावत त्यांनी 'यमुना' लिहिलं. मी पुढचा हुकूम कागदावर लिहूनच काकांना दिला. मशीन आता काकींच्या ताब्यात. रोज सकाळी त्या देणार, झोपताना परत घेणार. इन्स्पेक्शन रोज, त्याच करणार.

काकांनी दोनदा वाचलं. "पन साब, रोज घालून खराब झालं तर?"

मी वहीवर लिहिलं: खराब झाल्यास बदलून मिळेल. कोरं दिसल्यास रिपोर्ट होईल.

हे त्यांना पटलं. फौजेत जुनी वस्तू दाखवल्याशिवाय नवी मिळत नाही. त्यांनी मान हलवली आणि बायकोसमोर सावधानमध्ये उभे राहिले. काकींचा हात पोचेना. "खाली बसा की," त्या म्हणाल्या आणि हातानं खूण केली. ते पायरीवर बसले. लहान मुलाला काजळ घालताना धरतात तशी काकींनी त्यांची हनुवटी धरली आणि मशीन कानात बसवलं.

मला वाटलं, आता चहाचं विचारतील.

"पडले तवा मी हाका मारलेल्या," काकी म्हणाल्या.

"कवा?"

"न्हानीत. तुमी सगळ्यांना सांगता, हाक मारली असती तर आलो असतो. मारलेल्या. लई मारलेल्या."

काकांनी कानातल्या मशीनला बोट लावलं. मग म्हणाले, "माझ्या कानावर नाय आल्या गो."

"ठावं हाये मला."

मी रजिस्टरमध्ये तोंड खुपसून तारीख घालत बसलो. एका तारखेला इतका वेळ मी कधी लावला नव्हता.

ठाण्याला ताईंना सगळं खरं सांगितलं, 'काटकसरी'सकट. मला वाटलं रागावतील. त्यांनी फक्त फॉर्मवर एक ओळ वाढवली: 'पत्नीचं म्हणणं'. ती ओळ घेऊन मी जुन्या घरांत परत फिरतोय. खर्डीच्या सुभेदारांच्या घरी ओळ वाचून झाल्याबरोबर आतून उत्तर आलं, "शाली पुरे. मला मोतीबिंदू झालाय, ते लिहा." इतकी वर्षं त्या माऊलीच्या हातचा चहा पीत होतो. 'सब ठीक' लिहून घेऊन उठत होतो. या कामात अभिमानानं सांगण्यासारखं थोडं आहे आणि ते मी सभेत सांगून टाकलंय. हे उरलेलं आहे ते इथे लिहिलं.

भात झोडून झाल्यावर परवा टोकावड्याला गेलो होतो, कुठलाच वार न बघता. मशीनचा रंग उडालाय. त्यावर हळदीचे डाग आहेत, काकींच्या बोटांचे. सेलची तीन पाकिटं संपली आणि चौथं मागितलं गेलं, तेही जरा हक्कानं. काका गोठ्यामागे पेंढा रचत होते. मी ओटीवर बसलो, काकी शेंगा सोलत होत्या. काठी भिंतीला टेकवलेली. मुलाच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. बोलता बोलता मध्येच काकींनी मान वळवून हाक मारली, "अवो!"

"काय गो?" गोठ्यामागून आवाज.

"काय नाय."

त्या परत शेंगा सोलायला लागल्या. मुलगी शेणवे गावची आहे, शिकलेली आहे, वगैरे सांगून झालं. मग परत, "अवो!"

"काय?"

"काय नाय."

"काही काम होतं का काकी?" मी विचारलं.

"नाय. बघते आपली."

"मंग हाका कशाला मारतीस?" पलीकडून करवादल्याचा आवाज आला, पण त्यात राग नव्हता. काकींनी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. तिसरी हातात घेतली आणि थांबल्या. मग आधीपेक्षाही हलक्या आवाजात, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाल्या, "अवो."

"आलो, आलो," काका म्हणाले, आणि डोक्यात पेंढ्याच्या काड्या घेऊन गोठ्याच्या कोपऱ्यावरून खरंच आले.